कोर्ट मॅरेज झालंय, पण कागद कुठला?

दुपारची आवराआवर करून नुकती कुठं पाठ टेकली होती, तोच दाराची कडी वाजली. दारात पंचविशीतली एक मुलगी उभी. कडेवर दोन-अडीच वर्षांचं पोर, खांद्याला साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. "ताई, तुम्ही बायकांची कामं करता म्हणे. म्हणून आले," म्हणाली. आत बोलावलं, पाणी दिलं, चहा टाकला. पोराला बिस्कीट दिलं तसं ते शांत झालं, आणि मग तिनं पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. इतका जपून, की जणू घरातलं सोनंच बाहेर काढतेय.

शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर होता. वर दोघांचे फोटो, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा गोल शिक्का, लाल सील, खाली दोघांच्या सह्या. 'आम्ही दोघे सज्ञान असून स्वखुशीने पती-पत्नी म्हणून राहात आहोत' अशा अर्थाचा मजकूर. तिचा नवरा चार महिन्यांपूर्वी "आईची तब्येत बरी नाही" म्हणून गावी गेला, तो परत आलाच नाही. फोन उचलेना. आता बातमी अशी, की घरच्यांनी ठरवलेल्या मुलीशी त्याचं लग्न आहे. मांडव पडलाय, पत्रिका वाटून झाल्यात.

"पण ताई, मी काही अशीतशी राहिलेली नाही त्याच्याजवळ. आमचं कोर्ट मॅरेज झालंय. हा बघा कागद."

मला कायद्याचं फार कळतं अशातला भाग नाही. पण कागद बघून पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी कागदावर एकदाच नजर टाकली आणि विचारलं, "हे कुठं केलंत?"

"कोर्टात."

"कोर्टात म्हणजे नक्की कुठं?"

"कोर्टाच्या आवारात हो. झाडाखाली टेबल टाकून बसतात ना, तिथं. तीन हजार घेतले. दोन हार आम्हीच नेले होते."

वकीलबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाळ, हे लग्न नाही. हे प्रतिज्ञापत्र आहे. तुम्ही दोघांनी काहीतरी सांगितलंत आणि नोटरीनं ते लिहून शिक्का मारला, एवढाच याचा अर्थ."

त्या मुलीच्या चेहऱ्याकडे माझ्याच्यानं बघवेना. पुढचं ऐकून तर मीही सुन्न झाले. पहिली बायको असताना दुसरं लग्न केलं, असा गुन्हा त्या मुलावर लागणार नव्हता. का? कारण कायद्याच्या दृष्टीनं पहिलं लग्न झालेलंच नव्हतं!

लग्न कोर्टात होतच नाही

मैत्रिणींनो, आपण सगळ्याच जणी सर्रास 'कोर्ट मॅरेज' म्हणतो. सिनेमातही तेच दाखवतात. नायक-नायिका धावत कोर्टात जातात, मित्र सह्या करतात आणि पाच मिनिटांत लग्न! खरी गोष्ट अशी, की या लग्नाचा न्यायाधीशाशी, काळ्या कोटाशी आणि कोर्टाच्या पायरीशी काही संबंध नसतो. हे लग्न होतं सरकारनं नेमलेल्या विवाह अधिकाऱ्यासमोर. आपल्या महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाकडे आहे. आपण घराचं, शेताचं खरेदीखत करायला ज्या खात्यात जातो, तेच हे खातं. कायद्याचं नाव आहे विशेष विवाह कायदा, १९५४. म्हणूनच जाणकार लोक 'कोर्ट मॅरेज' न म्हणता 'नोंदणी विवाह' म्हणतात.

पण लोकांच्या तोंडी 'कोर्ट' हाच शब्द बसला आणि त्याचाच फायदा घेणारेही निघाले. मुलगा-मुलगी घाबरलेली असतात, घरचे शोधत असतात, हातात वेळ नसतो. "आत्ता करून देतो, तासाभरात," असं कुणी म्हटलं, की देवच भेटल्यासारखं वाटतं. स्टॅम्प पेपर येतो, शिक्का बसतो, पोरं निश्चिंत होतात.

नोटरीला लग्न लावण्याचा अधिकार नाही. घटस्फोट करून देण्याचाही नाही. हे इतकं सर्रास चालू होतं, की २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय कायदा मंत्रालयानं नोटरींना लेखी बजावलं, की विवाहाचे आणि घटस्फोटाचे दस्त करू नका, तुम्ही विवाह अधिकारी नाही. तेव्हा स्टॅम्प पेपर शंभराचा असो की पाचशेचा, त्यावर सील लाल असो की निळं, त्यानं लग्न होत नाही. आणि मुलीला १८ किंवा मुलाला २१ पूर्ण नसतील, तर कायदेशीर लग्न कुठंच लावता येत नाही. उलट मुलगी १८ च्या आतली असेल तर मुलावर पोक्सोचा गुन्हा दाखल होतो, हेही पोरांच्या आयांनी ध्यानात ठेवावं.

मग खरं नोंदणी लग्न कसं होतं?

हे मला पुस्तकातून कळलं नाही, आमच्याच गल्लीतून कळलं. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्यांची मुलगी नर्सिंग शिकून दवाखान्यात नोकरीला लागली. तिथंच औषधाच्या दुकानातल्या मुलाशी तिचं जुळलं. मुलगा चांगला, पण जात वेगळी. वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "माझ्या डोळ्यादेखत होणार नाही." मुलगी एका संध्याकाळी माझ्याकडे आली. "काकू, आम्ही पळून जाणार नाही. पण लग्न करणार. नीट करायचं तर काय करावं लागतं?"

'नीट करायचं तर' हा तिचा शब्द मला फार आवडला. पहिल्या मुलीचा अनुभव ताजा होता. म्हटलं, चल, आपण दोघी जाऊनच विचारू. एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेलो. तिथल्या कार्यालयात जे कळलं ते असं.

पहिली पायरी नोटिशीची. दोघांपैकी निदान एक जण त्या जिल्ह्यात कमीत कमी ३० दिवस राहात असला पाहिजे. दोघांनी मिळून विवाह अधिकाऱ्याकडे ठराविक नमुन्यात नोटीस द्यायची, 'आम्ही लग्न करणार आहोत' अशी. आता ही नोटीस खात्याच्या संकेतस्थळावरूनही देता येते. वयाचा पुरावा लागतो, म्हणजे जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला. राहण्याचा पुरावा लागतो, फोटो लागतात. कुणाचा घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूमनामा आणि जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला. सरकारी फी नाममात्र असते. मधला माणूस हजारोंचा आकडा सांगू लागला, तर तिथून सरळ उठायचं.

दुसरी पायरी थांबण्याची. ही नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते आणि ३० दिवस वाट बघावी लागते. एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिथल्या कार्यालयातही ती जाते. या ३० दिवसांत कुणालाही हरकत घेता येते. पण हरकत कसलीही चालत नाही बरं का. दोघांपैकी एकाचं आधीचं लग्न टिकून आहे, वय बसत नाही, संमती देण्याइतकी मनाची स्थिती ठीक नाही, किंवा कायद्यानं मनाई केलेलं जवळचं नातं आहे, एवढ्याच कारणांवर हरकत घेता येते. 'जात वेगळी आहे', 'धर्म वेगळा आहे', 'आईवडिलांना पसंत नाही' ही कारणं कायद्याच्या यादीतच नाहीत. हरकत आली तर अधिकाऱ्यानं ३० दिवसांत चौकशी करून निकाल द्यायचा. लग्न लावायला नकार दिला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. या सगळ्या प्रकारात कोर्ट येतं ते इथं!

तिसरी पायरी लग्नाची. ३० दिवस झाल्यावर, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, दोघांनी तीन साक्षीदार घेऊन जायचं. तीन महिने उलटले तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. अधिकाऱ्यासमोर आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं, की मी तुम्हाला माझा कायदेशीर पती, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते, स्वीकारतो. आपल्या भाषेत म्हटलं तरी चालतं. मग वर-वधू आणि तीन साक्षीदार सह्या करतात, अधिकारी सही-शिक्का करतो आणि विवाहाचं प्रमाणपत्र मिळतं. हा कागद म्हणजे लग्नाचा पक्का पुरावा.

आणि हे सगळं रुक्षच असलं पाहिजे असंही नाही. जादा फी भरली तर वाजवी अंतरावरच्या हॉलमध्ये किंवा घरीही अधिकारी येऊ शकतात. तिथं हार घाला, मंगलाष्टकं म्हणा, अक्षता टाका, हवं ते करा. तीन साक्षीदारांसमोरचं ते एक वाक्य आणि त्या सह्या झाल्या पाहिजेत, एवढीच कायद्याची अट.

धर्म सोडावा लागतो का?

हा प्रश्न आयाबाया हळू आवाजात हमखास विचारतात. उत्तर आहे, नाही. पूर्वी मात्र तसं होतं. ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेन यांच्या प्रयत्नांतून १८७२ साली आपल्या देशात नोंदणी विवाहाचा पहिला कायदा आला. पण त्याखाली लग्न करायचं तर 'मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही' असं आपला धर्म नाकारून लिहून द्यावं लागे. कितीतरी जणांना ते नको वाटे. डॉ. हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नांनी १९२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात धर्म न नाकारता लग्न करता येऊ लागलं. आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा त्याच्याही आधी केला होता, हे आपण अभिमानानं सांगायला हवं. पुढं स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि कुठल्याही दोन धर्मांच्या माणसांना आपापला धर्म ठेवून लग्न करण्याची वाट मोकळी झाली.

वारसाहक्काचंही सांगते. दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर १९७६ च्या दुरुस्तीमुळं त्यांना हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. धर्म वेगळे असतील तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. म्हणजे 'नोंदणी लग्न केलं तर माहेरच्या इस्टेटीवर पाणी सोडावं लागतं' ही निव्वळ भीती घातलेली असते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे, असंही कोणता कायदा सांगत नाही.

देवळातलं लग्न आणि नगरपालिकेचा दाखला

आता दुसरा घोळ. कितीतरी पोरं आळंदीला किंवा एखाद्या देवळात जाऊन लग्न करतात. तेही चालतं. दोघं हिंदू असतील, कायद्याच्या अटी पूर्ण होत असतील आणि रीतीप्रमाणं विधी झाले असतील, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ते पूर्ण लग्न आहे. पण त्याची नोंद करायला हवी. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत विवाह निबंधक असतात. 'नमुना ड' भरायचा, वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या घ्यायच्या, लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो जोडायचा. लग्नापासून ९० दिवसांत हे करायचं असतं. उशीर झाला तर विलंब शुल्क भरून करता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ च्या फेब्रुवारीत सगळ्या राज्यांना बजावलं, की लग्न कोणत्याही धर्माचं असो, त्याची नोंदणी सक्तीची करा. नवऱ्यानं बायको नाकारू नये, पहिली असताना दुसरी करू नये, विधवेला तिचा हक्क मिळावा, हाच त्यामागचा हेतू होता.

पण इथं एक बारीक गोम आहे. नगरपालिकेत लग्न 'लागत' नाही, झालेल्या लग्नाची 'नोंद' होते. मुळात विधीच झाले नसतील तर नुसत्या दाखल्यानं लग्न उभं राहत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. दोघंही शिकलेले, पायलट. एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेऊन त्यांनी लग्नाची नोंदणी केली होती, प्रत्यक्ष विधी झालेच नव्हते. न्यायालयानं सांगितलं, हिंदू विवाह कायद्याप्रमाणं हे लग्नच नाही. विमान चालवणाऱ्यांची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या पोरींचं काय!

म्हणून सोपं करून सांगते. विवाह अधिकाऱ्यासमोरच्या लग्नात लग्न तिथंच लागतं आणि नोंदही तिथंच होते. मांडवातल्या किंवा देवळातल्या लग्नात आधी विधी, मग नोंद. दोन्ही रस्ते चांगले. अर्ध्या रस्त्यात थांबायचं मात्र नाही.

गोव्यात माझी मावसबहीण दिली आहे. तिच्याकडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं पोर्तुगीज काळापासून लग्न सरकारदरबारी नोंदवावं लागतं आणि त्यासाठी सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं. आधी इच्छा नोंदवून सही, मग ठराविक दिवस थांबून पुन्हा साक्षीदारांसह सही. दुसरी सही झाली की लग्न. पण पहिल्या सहीलाच लग्न समजून संसार मांडलेल्या आणि मग वाऱ्यावर पडलेल्या मुली तिथंही आहेत, असं ती सांगते. गाव वेगळं, कागद वेगळा, फसगत तीच.

फलकावरची ती नोटीस

आता कुणी म्हणेल, एवढं सोपं आहे तर पोरं झाडाखालच्या टेबलाकडे का जातात? त्याचं कारण ते ३० दिवस. लहान गावात फलकावरची नोटीस सकाळी लागली, की दुपारपर्यंत घरी पोचते. मुलीचं बाहेर जाणं बंद होतं, मोबाइल काढून घेतात, मामाच्या गावी रवानगी होते. काही ठिकाणी तर याहून भयंकर घडतं, ते आपण पेपरात वाचतोच. नोटीस अशी जाहीर लावावी की नाही यावर कोर्टातही वाद झालाय. अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, की नोटीस जाहीर करायची की नाही हे त्या जोडप्याच्या मर्जीवर सोडा. पण तो निर्णय त्या राज्यातला. आपल्याकडे नोटीस आणि ते ३० दिवस आहेत हे धरूनच चालावं लागतं.

मग या दिवसांत आधार कुणाचा? सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सांगितलं आहे, की सज्ञान मुलामुलींना आपल्या पसंतीनं लग्न करण्याचा हक्क आहे आणि त्यांना कुणी त्रास देत असेल तर पोलिसांनी संरक्षण द्यावं. २०१८ मध्ये पुन्हा सगळ्या राज्यांना आदेश दिले, की अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा आणि जिल्ह्यात खास कक्ष असावा. तेव्हा जिवाला धोका वाटत असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. अगदीच प्रसंग आला तर ११२ नंबर आहे, महिलांसाठी १८१ आहे. वकील परवडत नाही ही अडचण तर बाईला येऊच नये. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. त्यांचा नंबर १५१००. हा एवढा नंबर तरी प्रत्येकीनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

"मी दिला म्हणून सांगू नका"

आमच्या गल्लीतल्या मुलीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. नोटीस द्यायची तर शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि तो घरात, वडिलांच्या लोखंडी कपाटात. मुलीला मागायची सोय नव्हती. एके दिवशी तिची आई माझ्याकडे ब्लाऊज द्यायला आली. ब्लाऊजच्या घडीत दाखला! म्हणाली, "वहिनी, हा घ्या. मी दिला म्हणून सांगू नका." मी काही बोलायच्या आत गेलीसुद्धा.

नोटीस लागली. आठव्या दिवशी घरी कळली. रात्री त्यांच्या घरातून मोठ्यानं आवाज येत होते, मी आणि शेजारच्या दोघी जणी जाऊन बसलो. वडील कुणाशी बोलेनात. मला तर तोंडावर म्हणाले, "तुमच्याही घरात मुलगी आहे, विसरू नका." लागलं मनाला. पण उलट उत्तर दिलं नाही. त्यांचंही चुकतं कुठं? नातेवाईक काय म्हणतील, धाकटीचं कसं जमेल, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं.

कित्येकींच्या वाट्याला हे ३० दिवस धोक्याचे येतात. या घरात मात्र त्यांनी थोडं काम केलं. राग निघायला वेळ मिळाला. पोरं पळाली नाहीत, रोज कामावर जात-येत राहिली. दोन आठवड्यांनी वडिलांनीच मला रस्त्यात थांबवून विचारलं, "त्या मुलाची नोकरी कायमची आहे का?" मी म्हटलं, "तुम्हीच विचारा की त्याला." ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी विचारलं, यातच मला बरंच काही कळलं.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. साक्षीदार तीन हवेत. मुलाचा भाऊ एक, मी दुसरी आणि तिसरी मुलीची दवाखान्यातली मैत्रीण. स्टँडवर बघते तर मुलीची आई उभी! नवी साडी नाही, रोजचीच. हातात स्टीलचा डबा. "शिरा केलाय," एवढंच म्हणाली. मैत्रीण आपणहून बाजूला झाली आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या जागी आईनं सही केली. सातवी शिकलेली बाई. एकेक अक्षर जोर देऊन काढत होती. अधिकारीबाईंनी घाई केली नाही. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. वडील आले नाहीत. ते यायला पुढं सहा महिने लागले. पण आले.

आणि ती पहिली मुलगी?

तिला पत्नीचा दर्जा मिळाला नाही, तो मिळणारच नव्हता. पण हात हलवत परतायची वेळही आली नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात, लग्न झालेलं नसलं तरी लग्नासारख्या नात्यात एका घरात राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण आणि खर्च मागता येतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळाला, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज गेला, तिला आणि मुलाला दरमहा थोडी रक्कम मिळू लागली. लग्न झाल्याची खोटी समजूत करून देऊन बाईशी संसार करणं हा गुन्हाही आहे. आता भारतीय न्याय संहितेत तो कलम ८१ मध्ये आहे, पूर्वी दंड संहितेत ४९३ होतं. दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यानं जाणूनबुजून फसवलं हे सिद्ध करावं लागतं. "त्यालाही तेच लग्न वाटत असेल, ताई," असं तीच म्हणाली आणि त्या वाटेला गेली नाही. मला आजही ठरवता येत नाही, ती भोळी म्हणायची की मोठ्या मनाची.

आता ती पोळ्यांची कामं करते. मुलगा शाळेत जातो. महिला मंडळात आम्ही मुलींसाठी कार्यक्रम ठेवतो तेव्हा ती आवर्जून येते. भाषण करत नाही. एखादी मुलगी "आमचं कोर्ट मॅरेज झालंय" म्हणाली, की पुढं होऊन विचारते, "सही कुणाची आहे त्यावर?"

मैत्रिणींनो, आपल्या मुली कुणाशी लग्न करतील ते आपल्या हातात नेहमीच असतं असं नाही. पण त्यांचं लग्न खरं आहे की नाही, हे बघणं आपल्या हातात आहे. मुलीवर रागवा, अबोला धरा, रडा, तो आईचा हक्कच आहे. पण तिच्या दाखल्यावर कुलूप घालू नका. दार लावून घेतलंत तर ती झाडाखालच्या टेबलाकडे जाईल आणि तिथला कागद घेऊन परत तुमच्याच दारात येईल. तेव्हा कडेवर पोरही असेल.

हे जपून ठेवा

- लग्न लावायचा अधिकार विवाह अधिकाऱ्याला आहे, नोटरीला नाही. प्रमाणपत्रावर सही आणि हुद्दा कुणाचा आहे ते वाचा.
- नोंदणी विवाहाला ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. 'तासाभरात करून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा.
- मांडवात किंवा देवळात लग्न झालं असेल तर ९० दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करा. फोटो, पत्रिका जपा.
- जुनं लग्न असेल आणि नोंद नसेल, तर आजही करता येते. पेन्शन, विमा, वारसा, सगळीकडे हा दाखला मागतात.
- प्रमाणपत्राच्या दोन प्रती काढा. एक सासरच्या कपाटात, एक माहेरी, आईजवळ.